पाखरेवाडीचे चार किलोमीटर

दोहा, अल मुंतझा
७ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर आधी भांडण मिटवावं लागेल, तेव्हा आज साधाच घे.

साडेतीन वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही. आणि साडेतीन वर्षांनी तुझा पहिला निरोप काय, तर नकाशा हवा आहे. तोही तू स्वतः नाही दिलास, लेकीला पुढे केलंस. मोनालीनं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'आत्या, पप्पांचं माणगंगेवरचं पुस्तक संक्रांतीच्या आधी छापायला जाणार आहे आणि पप्पा म्हणतात, नदीचा नकाशा संजीवनीशिवाय कुणाला जमायचा नाही.' हे तू खरंच म्हणालास की मोनालीनं पदरचं घातलं, देव जाणे. मी हो म्हटलं. ज्या देशात एकही नदी नाही तिथल्या पाण्याचे नकाशे मी अकरा वर्षं काढते आहे. एक तरी खऱ्या नदीचा काढावा असं वाटलं.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे ईमेल. मोनाली ते छापून तुला देईल, तू कागदाच्या पाठीवर काय ते लिही, ती फोटो काढून मला पाठवेल. मोनाली, वाचायचं नाही हं. वाचशीलच, पण निदान मला सांगू नकोस.

आता कामाचं. पहिल्या कच्च्या नकाशावर तू लाल पेनानं जो धुमाकूळ घातला आहेस तो मिळाला. 'अकरा वाड्या बुडवल्यास. शाबास.' हा शेरा मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. वर्गात पोरांच्या वहीवर मारायचास तसाच. दादा, तू निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि मी शेहेचाळीस वर्षांची आहे.

चूक माझीच आहे, पण कशी झाली ते ऐक. इथं अरबीत वादी म्हणजे कोरडा ओढा. पाऊस झाला तर चार तास वाहणार, नाहीतर वर्षभर नुसता खोलगट पट्टा. त्याचं इंग्रजी स्पेलिंग आणि आपल्या वाडीचं स्पेलिंग अगदी एकच. आमच्या ऑफिसातल्या संगणकाला शिकवून ठेवलं आहे की नावात ते स्पेलिंग दिसलं की ते गाव नाही, ओढा आहे, त्याची निळी तुटक रेषा कर. मी घाईत ऑफिसचाच साचा वापरला, गावांची नावं इंग्रजीत भरली, आणि तुझ्या अकरा वाड्या घरादारासकट, देवळांसकट, शाळांसकट अकरा कोरडे ओढे होऊन माणगंगेला जाऊन मिळाल्या. शेजारच्या टेबलावर सुदानचा महमूद बसतो. त्याला हे सांगितलं तर तो पाणी पिता पिता ठसकला.

ते मी दुरुस्त केलं आहे. पण दुरुस्त करताना तुझी यादी नीट वाचली. वाड्या अकरा कशा? बारा हव्यात. पाखरेवाडी कुठं आहे?

विसरलास असं लिहू नकोस. उगमापासून भीमेपर्यंत नदीकाठची झाडंसुद्धा तू मोजली आहेस, आणि आईचं माहेर तेवढं तुझ्या नजरेतून सुटलं, हे मी मानणार नाही. पाखरेवाडी नकाशावर येणार नसेल तर नकाशाही येणार नाही. संक्रांत माझ्याकडेही येते, मला घाई नाही.

संजीवनी


१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. माझ्या दीड पानी पत्रात तू शुद्धलेखनाच्या चौदा चुका काढल्यास. पत्राचं उत्तर मात्र दोन ओळींचं. पहिली ओळ, 'पाखरेवाडी जाणून गाळली आहे, कारण विचारू नये.' दुसरी ओळ, 'नदी अखंड रेषेत काढावी, तुटक रेषा चालणार नाही.'

दुसरी आधी घेते. दादा, जगभर पद्धत आहे. बारमाही नदी अखंड रेषेत, हंगामी नदी तुटक रेषेत. हे मी ठरवलेलं नाही. मला आठवीत हे शिकवणारा माणूस तूच, आणि पेपरात मी उलटं लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापणाराही तूच. आता तुझीच नदी आली तेव्हा नियम गेला कुठं? माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, आटपाडीवरून सांगोल्याकडे उतरते, भीमेला मिळते, हे सगळं मान्य. पण मधे वर्षातले कित्येक महिने ती वाळू असते. हल्ली योजनेचं पाणी सोडतात तेव्हा वाहते, ते आवर्तन संपलं की पुन्हा वाळू. तुझ्याच हस्तलिखितात तसं लिहिलं असणार.

आणि लांबी. तुझा आकडा माझ्या आकड्यापेक्षा अकरा किलोमीटरनं जास्त आहे. मी उपग्रहाच्या चित्रावरून मोजलं, तू सायकलच्या मागच्या चाकाला फडकं बांधून चाकाचे फेरे मोजलेस. उपग्रहाला तुझ्यासारखं वाटेत उतरून चहाला जायची सवय नसते. तरी तू लिहितोस, 'वरून बघणाऱ्याला वळणं कळत नाहीत.' यावर मी काय बोलू? हात टेकले.

आता पहिली ओळ. कारण विचारू नये म्हणतोस, तर मी विचारणारच. हे वाचताना मोनाली शेजारी असेल, तिलाही कळू दे की तिची आत्या आणि पप्पा का बोलत नाहीत.

२०२२ च्या नऊ मेला आई गेली, त्याच्या आधी वर्षभर ती फोनवर एकच सांगायची, मलाही आणि तुलाही. 'मी गेल्यावं मला वाडीला सोडा.' एवढेच शब्द. आता आपल्या भागात नुसतं वाडी म्हटलं की लोक नरसोबाची वाडी समजतात, हे मलाही कळतं. वाडीला जाऊन आलो म्हणजे दत्ताला जाऊन कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन आलो. पण आईच्या तोंडी वाडी कायम एकच होती. 'वाडीला पाऊस झाला का.' 'वाडीची म्हातारी लईच थकली.' नरसोबाच्या वाडीला ती जन्मात एकदा गेली, तिथं तिची चप्पल हरवली आणि पुढे वीस वर्षं ती त्या चपलेबद्दल बोलत राहिली. तिला तिच्या माहेरच्या नदीत, पाखरेवाडीच्या वळणावर जायचं होतं.

आणि तू तिच्या अस्थी शंभरावर किलोमीटर लांब, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत सोडून आलास, जिथं तिचं कुणी नाही. मी फोनवर एवढंच विचारलं, की भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आईचा एवढा पत्ता कळला नाही का. त्यावर तू म्हणालास, 'तू हुतीस कुठं?' आणि फोन ठेवलास. तो ठेवलास तो ठेवलासच.

मी कुठं होते ते तुला माहीत आहे. मला रजा मिळाली नाही. परदेशात नोकरी म्हणजे काय असते हे तिथं बसून कळत नाही. ते तेव्हाही सांगितलं होतं, पुन्हा सांगते.

तेव्हा पाखरेवाडी तू जाणून गाळलीस याचा मला लागणारा अर्थ असा, की तू चुकलास हे तुला पुढे कळलं आणि आता ती जागाच पुस्तकातून पुसायची आहे. दादा, माणसाची चूक झाकायला नदी वापरू नये.

संजीवनी

ता. क. 'पूर्वी' मधला पू दीर्घ असतो हे मला माहीत आहे. कळफलक घसरला.


२८ नोव्हेंबर २०२५

दादा,

मोनालीनं सगळं हस्तलिखित टाइप करून पाठवलं, तुला न विचारता. तिला रागावू नकोस. नकाशा काढणाऱ्याला मजकूर लागतो.

दोन शुक्रवार घालून मी ते वाचून काढलं. आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढचं वाचशील. राजेवाडीच्या तलावाचं प्रकरण चांगलं झालंय. अठराशे शहात्तरच्या दुष्काळात पोटासाठी दगड फोडणारी माणसं आणि त्याच दगडांत पुढे अडलेलं पाणी, हे तू कुठलाही आव न आणता लिहिलं आहेस. मेंढरं घेऊन पात्रातून उतरणाऱ्या लोकांचं प्रकरणही चांगलं. तुझ्या मेहुण्यानं, सचिननं, ते जेवताना मोठ्यानं वाचलं आणि त्याच्या कोशिंबिरीकडे त्याचं लक्षच राहिलं नाही.

आता बाकीचं. प्रस्तावनेत तू सात ठिकाणी 'माणदेशाची जीवनदायिनी' लिहिलं आहेस. एकदा पुरे. झिऱ्यांवर अकरा पानं आहेत, अकरा. वाळूत खड्डा खणायचा, तळाशी पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं, एवढं सांगायला माणसाला अकरा पानं का लागावीत? वाळू कुठली ओली, कुठली नुसती गार, खड्ड्याचं तोंड किती रुंद, कोणत्या महिन्यात किती हात खाली जावं लागतं, सगळं आहे. मी वैतागत वैतागत एकही ओळ न सोडता वाचली. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही अहवालात इतकी माहिती नसते हे कबूल करते.

इथं परवा पाऊस झाला. पाऊण तास. मुंतझातल्या आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, आणि मग ते उपसून न्यायला टँकरची रांग. पाणी भरून आणायला नाही, न्यायला. नुपूर शाळेच्या बसमधून उतरून बूट हातात घेऊन आली. माझ्या स्क्रीनवर तुझी नदी होती, ती बघून म्हणाली, 'ममा, बट इज इट इव्हन अ रिव्हर?' मी तिला दहा मिनिटं समजावलं, आणि मग लक्षात आलं की मी तुझीच वाक्यं इंग्रजीत बोलत होते. मला माझाच राग आला.

महमूदला तुझ्या अखंड रेषेचा हट्ट सांगितला. मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, आमच्याकडे वादीला वर्षातून एकदा पाणी येतं, पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी तिच्यात उभं राहून तिला तुटक म्हणून दाखव. असे सगळे तुझ्याच बाजूचे.

आता मुद्दा. आठवं प्रकरण घोडखिंडीच्या बंधाऱ्याशी संपतं. नववं सुरू होतं ते एकदम मळ्याच्या देवळापासून. मधे चार किलोमीटर नदी गायब आहे. बाकी सगळीकडे तू दर फर्लांगाला थांबून डोहाचं नाव सांगतोस, बाभळीखाली कोण बसतं ते सांगतोस, आणि या चार किलोमीटरांत एक शब्द नाही. तिथंच पाखरेवाडी आहे. तू नुसतं गाव गाळलं नाहीस, नदीही गाळलीस. तुझ्या सायकलच्या फेऱ्यांतही ते चार किलोमीटर नाहीत. मी बेरीज करून बघितली.

तू सांगणार नसशील तर दुसरा माणूस शोधते. आटपाडी भागातली बरीच माणसं इथं कतारमध्ये कामाला आहेत, त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मी विचारलं आहे की पाखरेवाडीच्या आसपासचं कुणी आहे का, नकाशासाठी वळणांची आणि डोहांची नावं हवी आहेत. माझं माहेरचं नाव दिलेलं नाही. तेव्हा तुझी अब्रू शाबूत आहे.

संजीवनी


१३ डिसेंबर २०२५

दादा,

काल पाखरेवाडीचा माणूस भेटला.

सुरज नाव, चाळिशीचा असेल. इंडस्ट्रियल एरियात क्रेन चालवतो, नऊ वर्षं झाली इथं. शुक्रवारी त्याला सुट्टी म्हणून एशियन टाउनला भेटायचं ठरलं. सचिन आणि मी गेलो. सिनेमाच्या बाजूला चहाची जागा आहे, तिथं बसलो. मी नकाशाचा मोठा कागद नेला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्या मिनिटात माझी चूक काढली. मी वाडीची घरं नदीच्या डाव्या हाताला दाखवली होती, ती उजव्या हाताला आहेत. आपल्या भागातली सगळीच माणसं शिक्षक असतात की काय?

मग त्यानं भराभर सांगितलं. वळणाला 'म्हशीचा आटा' म्हणतात, खालच्या डोहाला 'तांबडी', पलीकडे खडकाचा पट्टा आहे तो 'पाट्या'. मी लिहून घेत होते. मी सहज म्हटलं, की ज्यांचं पुस्तक आहे त्या गुरुजींनी नेमका हा भाग सोडलाय, त्यांना बहुतेक तो माहीत नसावा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

'आटपाडीचं मच्छिंद्र मास्तर ना? त्यास्नी म्हाईत न्हाई व्हय? आवो, आख्खा दिस वाळूत हुतं की ते.'

दादा, मी चहाचा कप खाली ठेवला.

तो त्या मे महिन्यात सुट्टीवर गावी होता. त्यांचं घर नदीला सगळ्यात जवळचं. तो म्हणाला की मास्तर सकाळी मोटारसायकलवर आले, एकटेच. खांद्याला पांढरी पिशवी होती ती त्यांनी काठावरच्या बाभळीला टांगली. म्हणजे काय ते गावाला कळलं, कुणी जवळ गेलं नाही. मग ते पात्रात उतरले आणि हातांनी वाळू उकरायला लागले. त्या वर्षी नदीत टिपूस नव्हता. दोन तासांनी सुरज आणि त्याचा चुलता खोरं आणि पाटी घेऊन खाली गेले. मास्तरांनी खोरं घेतलं, पण त्यांना हात लावू दिला नाही. घरच्यानंच खणायचं असतं म्हणाले. एका ठिकाणी कंबरेइतकं गेले, कडा ढासळल्या. दुसरीकडे खणलं, तिथंही तेच. दुपारी सुरजच्या आईनं भाकरी पाठवली, ती त्यांनी खाल्ली नाही. ऊन उतरल्यावर बाहेर आले, पिशवी काढली, खोरं स्वच्छ पुसून परत दिलं आणि गेले. कुठं गेले ते सुरजला माहीत नाही.

मला माहीत आहे कुठं गेलास. अस्थी परत घरी न्यायच्या नसतात. तू तसाच पुढे, मोटारसायकल स्टँडवर लावून, सांगलीच्या एसटीत बसलास.

म्हणजे तुला ठाऊक होतं. आई कुठली वाडी म्हणत होती ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग साडेतीन वर्षं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले की दादाला आईचं बोलणं कळलं नाही, ते तुझ्या कानावर आलं तेव्हा तू गप्प का बसलास? मी तुला मूर्ख म्हणत होते आणि तू माझं शुद्धलेखन तपासत होतास? एवढा कसला रे ताठा? एक वाक्य पुरलं असतं. मी तुझ्यावर इतकी कधीच चिडले नव्हते, आणि काल एशियन टाउनमधून घरी येईपर्यंत गाडीत रडत होते. सचिननं दोनदा चुकीचं वळण घेतलं.

मला उत्तर हवं आहे. दोन ओळींचं नको.

संजीवनी


२० डिसेंबर २०२५

दादा,

आठवडा झाला. इथं राष्ट्रीय दिनाची सुट्टीही येऊन गेली, रस्ताभर झेंडे आणि भोंगे. फोन हातात घेऊन बसले होते, तुझ्या उत्तराचा फोटो काही आला नाही.

मोनाली म्हणते, पप्पांनी पत्र घेतलं, वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तेव्हापासून ते तिथंच आहे. लाल पेन हरवलं का? नवं पाठवू का? मागच्या पत्रात मी घाईत बऱ्याच चुका केल्या आहेत, मला त्या दिसतात. तुला दिसत नाहीत असं होणार नाही. काही नाही तर त्या काढून पाठव.

संजीवनी


२ जानेवारी २०२६

दादा,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, निळ्या शाईत. माझं पत्रही सोबत परत आलं, त्यावर एकही दुरुस्ती नाही.

तू लिहितोस: 'रेषा तुटकच काढ. तुझं बरोबर आहे. पाखरेवाडी घाल. आई कुठली वाडी म्हणत होती हे सांगायला मला कुणी लागत नव्हतं. पण गावभर नदीचा इतिहास सांगत फिरणारा माणूस मी, आणि माझ्या नदीत माझ्या आईपुरतं ओंजळभर पाणी मला सापडलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? तू मला अडाणी समजलीस ते त्यापेक्षा बरं वाटलं. अडाणी म्हणवून घेता येतं.'

आणि शेवटी राहिलेल्या चार किलोमीटरांचा मजकूर. सहा ओळी. त्यातली शेवटची, 'येथे नऊ मे नंतरच्या आठव्या दिवशी दोन ठिकाणी खणून पाहिले. पाणी लागले नाही.'

दादा, हे छापायच्या आधी मला काही सांगायचं आहे. मोनाली, हे मात्र खरंच वाचू नकोस.

मला रजा मिळाली होती. साहेबांनी त्याच दिवशी सही केली, वर म्हणाले, यल्ला, जा, फाइलींचं आम्ही बघतो. सचिननं तिकीट काढलं. मी तुला फोनवर म्हटलं, येतेय, माझ्यासाठी थांबा. बॅग भरली. सकाळी बॅगेशेजारी बसले आणि उठलेच नाही. दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलं, तेव्हाही नाही. मी इथं होते तोवर आई तिथं होती, फोनच्या त्या टोकाला, रविवारी अकरा वाजता. मी आले असते तर ती नसती. एवढंच कारण. शेहेचाळिशीच्या बाईला लिहायला लाज वाटावी असं. मग तुला सांगितलं की रजा नाही, आणि सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. 'तू हुतीस कुठं' असं तू विचारशील हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी मीच भांडण काढलं. भांडायला वाडी सापडली.

दुसरं. सुरजचं सगळं बोलणं मी तुला त्या पत्रात सांगितलं नाही. तू त्यांना घरच्यानंच खणायचं असतं म्हणालास, ते खरं, पण तू आणखी एक म्हणालास. सुरज म्हणाला, 'मास्तर म्हणलं, माझी भन यायची हाय. ती येस्तवर खणतो.' आठवा दिवस होता, दादा. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थी तू परसातल्या लिंबाला पाच दिवस टांगून ठेवल्यास माझ्यासाठी, आणि मी येणार नाही हे तुला कळून चुकलं होतं, तरी तिथं त्या वाळूत तू माणसांना सांगत होतास की बहीण यायची आहे.

मग सुरजनं मला विचारलं, 'ती भन कतारातच असती म्हणं. तुमच्या वळखीत हाय का?'

मी म्हटलं, नाही.

सचिन शेजारीच बसला होता. तो कागद गुंडाळायला लागला. गाडीत मी रडले ती तुझ्या ताठ्यासाठी नव्हे. तू गप्प राहिलास म्हणून मी तुझ्यावर तोंड टाकलं, पण गप्प राहून तू मलाच झाकत होतास. मी आले नाही हे गावाला तू कधी सांगितलंच नाहीस. मोनालीला मी आडून विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांना माहीत आहे, आत्याचं विमान रद्द झालं होतं.

काल सुरजला फोन केला आणि सांगितलं की ती बहीण मीच. तो म्हणाला, 'आसूं द्या ताई. मास्तरांस्नी नमस्कार सांगा.' तो सांगितला.

नकाशा सोबत आहे. पाखरेवाडी उजव्या हाताला, म्हशीचा आटा, तांबडी, पाट्या, सगळं आलंय. रेषेचं तू आता मला सोपवलं आहेस, तर नियमाप्रमाणे ठेवली आहे. लांबी तुझ्या सायकलची घेतली आणि तीत ते राहिलेले चार किलोमीटर मिळवले. आपल्या दोघांच्या आकड्यांत कुणाचा खरा, हे मला आता सिद्ध करायचं नाही.

फक्त एक दुरुस्ती. मला तुझ्यासारखं लाल पेन नाही, पण ही एवढी एक तू करायचीच आहेस. 'पाणी लागले नाही' ही ओळ चुकीची आहे. भूगोलाच्या दृष्टीनं चुकीची आहे. तुझं झिऱ्यांचं प्रकरण मी काल परत काढून वाचलं. त्यात तूच लिहिलं आहेस की मे महिन्यात त्या पट्ट्यात पुरुषभर खाली गेल्याशिवाय ओल लागत नाही, आणि झिरा एकट्यानं खणायचा नसतो. एकानं खणायचं, दुसऱ्यानं वर बसून वाळू मागे ओढत राहायची, नाहीतर कडा ढासळतात आणि कंबरेच्या खाली जाताच येत नाही. तू कंबरेपर्यंत गेलास. दोन्ही वेळा.

पाणी खाली होतं, दादा. ती ओळ खोड आणि तिथं लिही, की दोन हात कमी पडले. कुणाचे ते लिहायचं की नाही ते तू ठरव. नदीचं नाव खराब करू नकोस.

तुझी,
संजीवनी